कठीण खड्यात घडवलेला भुंगेरा

शेणाचा गोळा ढकलत नेणाऱ्या भुंगेऱ्यात प्राचीन इजिप्तच्या लोकांना सूर्याला आकाशातून पुढे नेणारा खेप्री देव दिसला आणि इ.स.पू. २००० च्या सुमारास त्या आकाराचे ताईत, म्हणजे स्कॅरब, सर्रास वापरात आले. त्यांतले बहुतेक शंखजिऱ्याच्या दगडाचे असत. हा दगड नखानेही ओरखडतो, पण झिलई देऊन भाजला की टणक होतो. कारागिराची खरी कसोटी लागे ती जमुनिया, तांबडा अकीक किंवा हिरवा जास्पर यांसारख्या खड्यांवर.

जमुनिया म्हणजे जांभळा स्फटिक. मध्य राज्याच्या काळात (सुमारे इ.स.पू. २००० ते १७००) तो अस्वानच्या आग्नेयेकडील वादी अल्-हुदीच्या खाणींतून येई. खनिजांचा टणकपणा मोजणाऱ्या १ ते १० च्या मोस मापप्रमाणावर त्याचे काठिण्य ७ आहे आणि तांब्याचे जेमतेम ३, त्यामुळे तांब्याच्या छिन्नीचा त्यावर ओरखडाही उठत नाही. म्हणून खडा कोरण्याऐवजी घासून घडवावा लागे. हत्यार फक्त दाब देई आणि झीज घडवी ती त्याखालची गारेची वाळू. दोरा ओवण्याचे भोक कमानीने फिरवायच्या सामत्याने दोन्ही टोकांकडून पाडत, आणि पारदर्शक खडा उजेडात धरला तर हा बोगदा आरपार दिसतो. पाठीवर डोके, छाती आणि पंखांच्या कवचांमधली रेघ एवढेच दाखवलेले असते. तळ तर अनेकदा कोराच सोडलेला असतो. या काटकसरीत मला कौशल्याचा अभाव दिसत नाही, उलट दगडाची नेमकी जाण दिसते.

मृताच्या छातीवर ठेवायच्या हृदय-स्कॅरबसाठी हिरवा दगड सांगितलेला होता. त्याच्या तळावरच्या मंत्रात मृत व्यक्ती स्वतःच्याच हृदयाला विनवते, की मृत्यूनंतरच्या निवाड्याच्या वेळी माझ्याविरुद्ध साक्षीला उभे राहू नकोस.

तुतनखामेन राजाच्या १९२२ साली सापडलेल्या कबरीतील एका उरोभूषणाच्या मध्यभागी पिवळसर हिरवा स्कॅरब आहे. ही कबर शोधणारे हॉवर्ड कार्टर यांनी तो कॅल्सेडनी या स्फटिकवर्गीय खड्याचा मानला होता. १९९० च्या दशकात इटालियन खनिजतज्ज्ञ विंचेन्झो दे मिकेले यांनी तो तपासला, तेव्हा तो लिबियन वाळवंटी काचेचा निघाला. ही नैसर्गिक काच सुमारे २.९ कोटी वर्षांपूर्वीची असून तिच्यातील झिरकॉन या खनिजाचे विघटित कण १६०० अंश सेल्सिअसहून अधिक तापमानाची साक्ष देतात. एवढ्या उष्णतेमागे उल्कापात किंवा उल्केचा हवेतला स्फोट असावा, असे मानले जाते. ही काच सापडते नाईलपासून शेकडो किलोमीटर दूर, पश्चिमेच्या ‘ग्रेट सँड सी’ या वाळवंटात. तिचे काठिण्य सुमारे ६, म्हणजे तीही धातूने कोरता येण्याजोगी नव्हतीच. राजाच्या कारागिराने तिला आकार दिला असणार तो वाळूनेच घासून.