बिग ड्रम (कॅरियाकू बेट)

कॅरिबियनमधील ग्रेनेडा देशाच्या कॅरियाकू बेटावर रात्री भरणारा ढोल, गाणी आणि रिंगणातले नृत्य यांचा सोहळा. फ्रेंचवरून आलेल्या स्थानिक पातवा बोलीत त्याला ‘ग्वा तांबू’ म्हणतात. ‘नेशन डान्स’ हेही नाव रूढ आहे. बेट सुमारे ३४ चौ. किमी.चे, मुख्य गाव हिल्सबरो. झगमगाट शोधणाऱ्याच्या हाती इथे फारसे काही लागत नाही. इथली रात्र रमशॉपच्या बाकावर, तंतुवाद्यांच्या मेळ्यात आणि अधूनमधून बिग ड्रमच्या रिंगणात सरते. अभ्यासकांचे लक्ष मुख्यतः या शेवटच्या प्रकाराकडे गेले असल्याने प्रस्तुत नोंदीतही त्यालाच अधिक जागा दिली आहे.

थडग्यावर शिळा बसवणे (हे दफनानंतर कित्येक वर्षांनीही होते), नवी बोट पाण्यात लोटणे, पेरणीआधीची ‘मरून’ ही सामुदायिक मेजवानी किंवा स्वप्नात येऊन वाडवडिलांनी जेवण मागणे, हे बिग ड्रमचे नेहमीचे प्रसंग. पूर्वजांचे ताट घरात वेगळे मांडून रात्रभर ठेवतात. बाहेर लाकडाच्या जाळावर मक्याच्या पिठाचे कूकू, भाताचे वळलेले गोळे आणि मांस शिजते, आणि येईल त्याला वाढले जाते. रिंगणात रम व पाणी शिंपडून सुरुवात होते. पहिली गाणी क्रोमांटी ‘नेशन’ची (नेशन म्हणजे आफ्रिकी मूळ सांगणारा गट), त्यांतले एक सरळ क्षमा मागणारे आहे. मध्यरात्रीच्या सुमारास रिंगण काही वेळ मोकळे सोडतात. ती पाळी पूर्वजांची.

सोहळ्याच्या उगमाबद्दल एकमत नाही. क्रोमांटी, आराडा, चांबा, मांडिंग, काँगो, इग्बो, टेम्ने, मोको आणि बांडा अशी नऊ ‘नेशन’ सर्वसाधारणपणे सांगितली जातात. १९५० च्या दशकात बेटावर काम केलेले सामाजिक मानवशास्त्रज्ञ एम. जी. स्मिथ यांना लोक आपले नेशन बापाच्या बाजूने सांगताना आढळले. त्यावरून ही नावे म्हणजे आफ्रिकेतून अखंड चालत आलेली कुळे, असा समज बळावला. मात्र नावे तपासली तर ती बरीचशी गुलामांच्या व्यापाऱ्यांनी लावलेली दिसतात. ‘क्रोमांटी’ हे आजच्या घानाच्या किनाऱ्यावरील कोरमांटिन किल्ल्याचे नाव. तिथून नेलेल्या, बहुतांशी अकान भाषक लोकांना ते चिकटले. ‘आराडा’ आजच्या बेनिनमधील अल्लाडावरून आले. ‘चांबा’चा गुंता अधिक आहे. या नावाचे लोक आज नायजेरिया-कॅमेरून सीमेवर राहतात. पण अठराव्या शतकातल्या व्यापारी वापरात ते गोल्ड कोस्टच्या (आजच्या घानाच्या किनाऱ्याच्या) उत्तरेकडील गुर भाषकांना, विशेषतः त्यांतल्या कोंकोंबा लोकांना लावलेले आढळते. ‘बांडा’ घानातले की मध्य आफ्रिकेतले, हेही अनिश्चित आहे. तेव्हा नेशन ही बेटावर नव्याने जुळलेली नाती मानणे अधिक सयुक्तिक वाटते. संगीत-अभ्यासक लॉर्ना मॅक्डॅनियल यांनी या गाण्यांकडे स्मृतीचे भांडार म्हणून पाहिले आहे. तो दृष्टिकोन या मताच्या आड येत नाही.

काळाबाबत सावध राहावे लागते. गाण्यांत पातवा भरपूर असल्याने काहीजण सोहळा फ्रेंच अमदानीइतका, म्हणजे १७६३ पूर्वीचा मानतात. पण बेट ब्रिटिशांकडे गेल्यावरही (मधली १७७९–८३ ही फ्रेंच वर्षे सोडून) पातवा पिढ्यान्‌पिढ्या बोलली गेली. केवळ भाषेवरून तारीख बांधता येत नाही. अठराव्या शतकाचा उत्तरार्ध, एवढे ढोबळ अनुमान पुरे.

ढोल तीन. दोन ‘बूला’ ठेका धरतात, तिसरा ‘कट’ ढोल नर्तकीच्या पावलांशी बोलतो. रमच्या छोट्या पिंपांवर शेळीचे कातडे मढवून ते करतात. कट ढोलाच्या तोंडावर टाचण्या ओवलेला दोरा ताणलेला असतो; त्याने थापेला झणझण येते, तंबोऱ्याच्या जवारीची आठवण व्हावी अशी. जोडीला गायिकेच्या हातातला ‘चॅक-चॅक’ खुळखुळा आणि कुदळीचे जुने पाते. अभ्यासक अँड्र्यू पिअर्स यांनी केलेली बिग ड्रमची ध्वनिमुद्रणे १९५६ मध्ये प्रसिद्ध झाली. अमेरिकन लोकसंगीत-संग्राहक ॲलन लोमॅक्स १९६२ मध्ये बेटावर येऊन गेले.

तंतुवाद्यांच्या मेळ्यात फिडल, गिटार, बँजो, क्वात्रो हा चार तारांचा छोटा गिटार आणि ढोल असतो. क्वाड्रिल या युरोपीय वळणाच्या जोडीनृत्याला हीच साथ. ल’एस्टेर गावचे चित्रकार कॅन्यूट कॅलिस्ट (मृत्यू २००५) हे त्यातले नामांकित फिडलवादक.

रमशॉपविषयी लेखी साधने तुटपुंजी. चार माणसे, डोमिनोंची खटखट आणि ‘लाइमिंग’, म्हणजे आपल्याकडचे कट्ट्यावर बसणे. ‘जॅक आयर्न’ या कडक रममध्ये बर्फ बुडतो असे सांगतात, आणि ती थाप नाही. बर्फाची घनता ०·९२ च्या आसपास, तर साठ टक्क्यांवर अल्कोहोल असलेल्या मद्याची त्याहून कमी. ग्लासात टाकलेला खडा सरळ तळाला जातो. पिणाऱ्याने यातून काय तो बोध घ्यावा.

गर्दीच्या रात्री वर्षातून मोजक्याच : ऑगस्टच्या आरंभी रेगाटा, म्हणजे होड्यांच्या शर्यती (१९६५ पासून), आणि नाताळाआधी परांग या नाताळच्या गाण्यांचा महोत्सव (१९७७ पासून). परांगच्या स्पर्धेत गट गावातल्या वर्षभराच्या भानगडींवर गाणी रचून म्हणतात. बेट एवढेसे, की ज्याच्यावर गाणे आहे तो बहुधा समोरच बसलेला असतो.