नॉर्मल फॉर्मच्या आधी काय होतं?

नागपूर विद्यापीठाची स्थापना ऑगस्ट १९२३ मधली. त्याच महिन्यात इंग्लंडमध्ये एडगर कॉड जन्मले; माहिती टेबलांत मांडायची कल्पना यांचीच. निव्वळ योगायोग, पण डीबीएमएस, म्हणजे माहितीसाठा सांभाळणाऱ्या प्रणाली, शिकवायला उभा राहिलो की मला तो आठवतोच. इथल्या संगणकाच्या विद्यार्थ्यांचं एक अख्खं सेमिस्टर या माणसाच्या विचारावर उभं आहे. व्हायवात मात्र त्यांच्या नॉर्मल फॉर्मच्या, म्हणजे टेबल नीट आखण्याच्या नियमांच्या, घोकलेल्या व्याख्या तेवढ्या ऐकू येतात. त्या कोणत्या त्रासातून जन्मल्या, हे मुलांना कुणी सांगितलेलंच नसतं.

१९६०च्या दशकात आयबीएमची आयएमएस ही प्रणाली माहिती झाडासारखी रचून ठेवायची. अपोलो मोहिमेच्या सुट्या भागांचा हिशोब ठेवण्यासाठी तिचं काम सुरू झालं होतं. चार्ल्स बाकमन यांच्या आयडीएसमध्ये नोंदी जाळ्यासारख्या जोडलेल्या असत. दोन्हींत अडचण एकच होती: हवी ती नोंद कोणत्या वाटेने सापडेल, हे प्रोग्रामरला ठाऊक असावं लागे. रचना बदलली की चालू प्रोग्राम कोलमडत. जून १९७० मध्ये आयबीएममध्येच काम करणाऱ्या कॉड यांनी आपल्या निबंधाच्या सुरुवातीलाच मांडलं की, यंत्रात माहिती कशी रचली आहे हे जाणण्याची गरज वापरणाऱ्याला पडता कामा नये. त्यासाठी त्यांनी गणितातला संबंध (रिलेशन) घेतला. आपण त्याला टेबल म्हणतो.

मग टेबल नीट कसं आखायचं, हा प्रश्न आला. मी वर्गात कळमन्याच्या संत्रा बाजाराचं उदाहरण घेतो. समजा, एकाच टेबलात प्रत्येक पावतीसमोर शेतकरी, त्याचं गाव, बहार आंबिया की मृग, वजन, भाव, अडत्याचं नाव आणि त्याचा गाळा क्रमांक लिहिला. अडत्याने गाळा बदलला, तर शेकडो ओळी दुरुस्त करा. एक जरी राहिली, तरी त्याच अडत्याचे दोन पत्ते झाले. नवा अडत्या आला, पण अजून सौदाच झाला नाही, तर त्याला लिहायचं कुठे? आणि एखाद्या अडत्याची एकुलती एक पावती रद्द झाली, तर तिच्यासोबत त्या अडत्याचा गाळाही पुसला जातो. गाळा अडत्यावरून ठरतो, मग तो अडत्याच्या टेबलात ठेवा, असं तिसरा नॉर्मल फॉर्म सांगतो. काटोल-नरखेडकडच्या मुलांना हे व्याख्येआधीच कळतं. घरी पावत्या पाहिलेल्या असतात.

दुसरा आणि तिसरा नॉर्मल फॉर्म कॉड यांनी १९७१-७२ च्या सुमारास मांडला. १९७४ मध्ये तिसऱ्याहून कडक असा बॉइस-कॉड फॉर्म (बीसीएनएफ) आला. त्यातले रेमंड बॉइस त्याच वर्षी, अगदी तरुण वयात वारले. डोनाल्ड चेंबरलिन यांच्यासोबत टेबलांतून माहिती मागवायची सीक्वेल ही भाषाही त्यांनीच घडवली होती. पुढे तीच एसक्यूएल झाली. त्यांच्याबद्दल दोन वाक्यं सांगितल्याशिवाय मी बीसीएनएफ सुरू करत नाही.

आयबीएमला आयएमएसचा धंदा सांभाळायचा होता, त्यामुळे कॉड यांची कल्पना विकायला तिने वेळ लावला. दुसऱ्या कंपनीचं, याच कल्पनेवरचं ओरॅकल १९७९ मध्येच बाजारात आलं. कॉड यांना संगणकशास्त्रातला मानाचा ट्युरिंग पुरस्कार मिळाला १९८१ मध्ये, आणि एसक्यूएलचं अमेरिकी मानक ठरलं १९८६ मध्ये.

पीटर चेन यांची ईआर आकृती, म्हणजे वस्तू चौकोनात आणि त्यांचे संबंध शंकरपाळ्यात दाखवणारं चित्र, १९७६ ची, म्हणजे कॉड यांच्या निबंधानंतर सहा वर्षांनी आलेली. अभ्यासक्रमात मात्र बहुतेकदा तीच आधी येते. त्यामुळे मुलं चौकोन आणि शंकरपाळे सुबक काढतात, पण ते कशासाठी हे नॉर्मलायझेशन, म्हणजे टेबलं नॉर्मल फॉर्ममध्ये आणणं, शिकेपर्यंत उमगत नाही. माझ्या मते आधी कळमन्याची ती बिघडलेली नोंदवही दाखवावी. ईआर आकृती नंतर काढली तरी चालते.