एकल हार्प: क्लासिकल कोणतं आणि रोमँटिक कोणतं, कानाने कसं ओळखायचं?

हार्प म्हणजे बोटांनी तारा छेडायचं मोठं, उभं पाश्चात्य वाद्य. क्लासिकल म्हणजे इथे ढोबळमानाने अठराव्या शतकाच्या उत्तरार्धातली पाश्चात्य शैली, आणि रोमँटिक म्हणजे तिच्यानंतरची, एकोणिसाव्या शतकातली. एकल हार्पची कुठलीही प्लेलिस्ट लावा. १७९० च्या आसपासची सोनाटा (अनेक भागांची वाद्यरचना) आणि तिच्यानंतर शंभर वर्षांनी लिहिलेली रचना पाठोपाठ वाजतात, आणि नव्या श्रोत्याला दोन्ही सारख्याच गोड लागतात. यात त्याची चूक नाही. आजचे बहुतेक वादक दोन्ही काळांतलं संगीत ४७ तारांच्या एकाच मोठ्या हार्पवर वाजवतात, त्यामुळे नुसत्या नादावरून काही कळत नाही. फरक रचनेत आहे, कारण ज्या वाद्यांसाठी त्या लिहिल्या गेल्या, ती वाद्यंच वेगळी होती.

हार्पला पियानोसारख्या काळ्या पट्ट्या नसतात. एका सप्तकात सातच तारा. मधला स्वर हवा असेल तर पेडल दाबायचं. मग त्या नावाच्या सगळ्या सप्तकांतल्या तारा एकदम अर्ध्या स्वराने चढतात. आपल्याकडे गायक स्वरमंडल आधी रागात लावून घेतो, हार्पवादक तेच काम वाजवता वाजवता पायाने करतो. अठराव्या शतकातल्या हार्पवर पेडलला एकच टप्पा होता. वाद्य ई फ्लॅट मेजर या स्केलमध्ये (स्वरसप्तकात) लावलेलं असे, आणि तिथून आठच मेजर स्केल धड वाजत. १८१० मध्ये वाद्यं बनवणाऱ्या सेबास्तियाँ एरारने लंडनमध्ये दुहेरी टप्प्याच्या पेडलचं पेटंट घेतलं. आता प्रत्येक तारेला फ्लॅट (अर्ध्या स्वराने उतरलेला), नॅचरल (मूळ) आणि शार्प (अर्ध्या स्वराने चढलेला) असे तीन स्वर मिळाले आणि सगळ्या स्केल मोकळ्या झाल्या.

क्लासिकल बाजू ऐकायची तर सोफिया कॉरी ड्यूसेकची सी मायनर सोनाटा घ्या. (ती बरीच वर्षं नवऱ्याच्या, म्हणजे यान लादिस्लाव ड्यूसेकच्या नावावर खपत होती.) चाल उजव्या हातात, वरच्या तारांवर, अगदी स्पष्ट. डावा हात खाली सुटे सूर देत साथ करतो. वाक्यं आखीव, आणि वाक्य संपलं की संपतं. चांगला वादक तिथे तळहात तारांवर टेकवून घुमणारा नाद थांबवतो, म्हणून पुढचं वाक्य स्वच्छ सुरू होतं. माझ्या मते या संगीताचं सौंदर्य त्या थांबवण्यातच आहे. शेवटच्या रोंडोत मुख्य चाल परत परत येते आणि दर वेळी ओळखीची वाटते.

आता फेलिक्स गोदफ्रुआचा ई फ्लॅट मायनरमधला कॉन्सर्ट एत्यूद (मैफलीत वाजवायची अभ्यासरचना) लावा. सहा फ्लॅटची ही स्केल जुन्या हार्पवर लावताच येत नाही. दुहेरी पेडलच्या हार्पवर मात्र फ्लॅट स्वरांत तारेची पूर्ण लांबी मोकळी असते, त्यामुळे ती जास्त वेळ घुमते. रोमँटिक रचनाकारांना फ्लॅटच्या स्केल इतक्या आवडल्या त्या यासाठी. गाब्रिएल फोरेचा १९०४ चा अँप्रोम्प्तू (उत्स्फूर्त वाटणारी छोटी रचना) डी फ्लॅट मेजरमध्ये आहे, तोही याच घुमाऱ्यावर उभा आहे. इथे नाद तोडायचा नसतो, एकावर एक साचू द्यायचा असतो.

सगळ्यात पक्की खूण ग्लिसांदोत, म्हणजे तारांवरून बोट सरसर ओढत नेण्यात, सापडते. नव्या हार्पवर बी शार्प आणि सी, डी शार्प आणि ई फ्लॅट, एफ शार्प आणि जी फ्लॅट अशा शेजारच्या तारांच्या जोड्या एकाच स्वरात आणता येतात. ए एकटा उरतो. म्हणजे सात तारांतून चारच स्वर निघतात, आणि बोट सरसर फिरवलं तरी एकही परका सूर न येता अख्खा कॉर्ड (एकत्र जुळणाऱ्या स्वरांचा गुच्छ) वाहत जातो. जुन्या हार्पवर बी शार्पही नाही आणि जी फ्लॅटही नाही, म्हणून असा ग्लिसांदो ऐकू आला की रचना १८१० नंतरची समजायला हरकत नाही. एलियास पॅरिश अल्वार्सने (१८०८-१८४९) ही नवी यंत्रणा पुरेपूर वापरली. चाल मधल्या तारांवर, आणि तिच्या वर-खाली दोन्ही हातांचे अर्पेजिओ (कॉर्डचे एकामागून एक वाजणारे स्वर), जणू वाजवणाऱ्याला तिसरा हात आहे. फ्रेंच संगीतकार बर्लिओझने त्याला हार्पचा लिस्ट (लिस्ट म्हणजे त्या काळचा गाजलेला पियानोवादक) म्हटलं, ते मला पटतं.

नावांवर मात्र विसंबू नका. ‘ला सूर्स’ शोधलंत तर आल्फाँस हासेलमान्स आणि आल्बर्ट झाबेल अशा दोघांच्या दोन वेगळ्या रचना मिळतात. सुदैवाने दोन्ही रोमँटिकच आहेत.

खरी अडचण होते जर्मन संगीतकार लुई श्पोरच्या सी मायनर फँटसीशी (मोकळ्या बांधणीच्या रचनेशी). ती १८०७ ची, पत्नी डोरेटसाठी लिहिलेली, आणि डोरेट वाजवायची ती एकेरी पेडलचीच हार्प. वाद्य क्लासिकल काळातलं, पण सुरुवातीचा संथ भाग ऐका. अर्पेजिओ आलापासारखे मोकळे सुटतात आणि आखीव वाक्यं लवकर येतच नाहीत. १८२० मध्ये लंडनला डोरेटने एरारची नवी हार्प वाजवून पाहिली. ती तब्येतीला झेपेना, आणि तिने हार्प वाजवणंच सोडलं. मी ही फँटसी रोमँटिकमध्येच धरतो.