धुणं सोपं, वाळवणं कठीण

सकाळी सहाची बस होती. आदल्या रात्री हॉस्टेलच्या बेसिनमध्ये धुतलेला टी-शर्ट पलंगाच्या कठड्यावर वाळत घातला होता. हात लावून पाहिला तर छाती-पाठ कोरडी, पण काखेतली शिवण अजून गार लागत होती. ‘होईल वाळून’ म्हणत घडी घातली आणि सॅकमध्ये कोंबला. संध्याकाळी सॅक उघडली, तर न धुतलेला शर्ट परवडला असता! साबणाच्या सुगंधाखालून कुबट वास येत होता.

हा वास ताज्या घामाचा नसतो. ताज्या घामाला जवळजवळ वास नसतोच. जपानमधल्या संशोधकांनी २०१२ साली अशा धुतलेल्या, तरीही कुबट कपड्यांचा माग काढला, तेव्हा मोराक्सेला ऑस्लोएन्सिस हा जीवाणू हाती लागला. साध्या धुण्यात तो पुरता निघत नाही, कपडा वाळला तरी तग धरून राहतो, आणि पुन्हा ओल मिळाली की कापडात उरलेल्या तेलकट मळावर वाढून उग्र वासाचं एक आम्ल तयार करतो. माझ्या शर्टाला बंद सॅकमध्ये बारा तास ओल मिळाली होती. जीवाणूला आणखी काय हवं?

म्हणून पाठीवर बिऱ्हाड घेऊन फिरताना साबण कुठला यापेक्षा कपडा किती वेळात वाळतो याला महत्त्व. थोडा हिशेब करू. १५० ग्रॅमचा सुती टी-शर्ट हाताने पिळल्यावरही स्वतःच्या वजनाएवढं पाणी धरून बसलाय असं धरा. तेवढ्या पाण्याची वाफ व्हायला साधारण ३६० किलोज्यूल उष्णता लागते. १०० वॅटचा हीटर तासभर चालवला आणि त्याची सगळी उष्णता फक्त त्या पाण्यालाच मिळाली, तर एवढी भरते. खोलीत हीटर नसेल तर ही उष्णता भोवतालच्या हवेतूनच येणार, तीही हळूहळू. त्यात आठ जणांची खोली, आठ जणांचे श्वास, खिडकी बंद. हवा दमट झाली की कपड्यातलं पाणी जायला जागाच उरत नाही. पंखा कपड्याला तापवत नाही, पण कपड्याला चिकटून राहिलेली दमट हवा हटवतो, आणि तेवढ्याने खूप फरक पडतो.

सगळ्यात मोठी बचत मात्र टॉवेलाने होते. कोरडा टॉवेल पसरायचा, त्यावर पिळलेला शर्ट ठेवायचा, दोन्हींची घट्ट गुंडाळी करायची आणि तिच्यावर गुडघा टेकून सगळं वजन टाकायचं. पाणी शर्टातून टॉवेलाच्या धाग्यांत शोषलं जातं, आणि जे पाणी पाण्याच्याच रूपात बाहेर पडलं त्याची वाफ करायला उष्णता लागत नाही. टॉवेल ओला होतो ही त्यातली गोम. त्यामुळे मी हा प्रयोग हॉस्टेलच्या टॉवेलावर करतो, सकाळी परत द्यायच्या. मग शर्ट उलटा करून टांगायचा, कारण शिवणींत कापडाचे पदर जास्त असतात आणि त्याच शेवटी वाळतात.

‘मग पॉलिएस्टरच घ्या, पटकन वाळतं,’ असा सल्ला हमखास मिळतो. तो अर्धाच खरा आहे. दमट हवेतून सूत स्वतःच्या वजनाच्या सात-आठ टक्के ओल शोषतं, पॉलिएस्टर अर्धा टक्कासुद्धा नाही. पण त्याची मैत्री तेलाशी. त्वचेवरचा ओशटपणा ते धरून ठेवतं आणि गार पाण्याच्या धुण्यात सहज सोडत नाही. बेल्जियममधल्या गेन्ट विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१४ साली २६ जणांचे व्यायामानंतरचे टी-शर्ट तपासले. पॉलिएस्टरच्या शर्टांना सुती शर्टांपेक्षा जास्त घाण वास येत होता, आणि त्यांवर मायक्रोकॉकस जातीचे जीवाणू चांगलेच फोफावले होते. लोकर तिसऱ्याच वळणाची. ती वजनाच्या जवळपास एक तृतीयांश ओल पोटात घेऊनही अंगाला ओली लागत नाही, आणि वासाचे रेणूही बराच काळ धाग्यातच दाबून ठेवते. बारीक लोकरीचा शर्ट लोक तीन-चार दिवस घालतात तो काही निव्वळ आळस नव्हे. माझी वाटणी अशी: मोजे आणि वरचा शर्ट लोकरीचा, आतले कपडे रोज धुवायचे.

मळके कपडे वेगळे ठेवायचे ते फक्त वासापायी नाही. शेफील्ड विद्यापीठातल्या २०१७ च्या एका प्रयोगात वापरलेल्या आणि धुतलेल्या कपड्यांच्या पिशव्या ढेकणांसमोर ठेवल्या, तर वापरलेल्या कपड्यांकडे दुप्पट ढेकूण जमले. माणसाचा वासच त्यांना खेचतो. तेव्हा मळके कपडे तोंड बंद होणाऱ्या पिशवीत, आणि पिशवी पलंगाखाली नको. शंका आली तर ६० अंशांच्या पाण्यात धुलाई किंवा ड्रायरची कडक उष्णता. लोकर त्यात आक्रसते, म्हणून लेबलवरचं चित्र आधी बघा. पाण्याच्या टबात हात म्हणजे फक्त हाताने धुवा. चौकोनातल्या वर्तुळावर फुली म्हणजे ड्रायर नको. भाषा कळत नसली तरी ही चित्रं बहुतेक देशांत सारखीच.

मशीनमध्ये टाकण्याआधी मोबाइलवर कपड्यांचा एक फोटो काढा. मी आकडा लिहायचो, ‘अकरा नग’, आणि दहा निघाले की नेमकं काय गेलं ते आठवायचं नाही. हरवलेला मोजा बहुधा चोरीला गेलेला नसतोच. ड्रायरच्या कोरड्या हवेत कपडे एकमेकांवर घासून त्यांच्यावर स्थिर विद्युत भार साचतो, आणि मोजा शर्टाच्या बाहीत आतून चिकटून बसतो. नाहीतर ओला असतानाच ड्रमच्या वरच्या बाजूला चिकटलेला असतो, जिथे वाकून बघितल्याशिवाय नजर जात नाही. निघण्याआधी ड्रम हाताने एकदा पुरता फिरवायचा आणि प्रत्येक बाही झटकायची.