वर्षभर थांबवलेली मुलं

अमेरिकेत ऑगस्टमध्ये मूल जन्मलं, की आईवडिलांपुढे एक प्रश्न हमखास येतो : पाच वर्षांचं झाल्याबरोबर किंडरगार्टनला, म्हणजे पहिलीच्या आधीच्या वर्गाला घालायचं, की वर्षभर थांबवायचं? बऱ्याच राज्यांत १ सप्टेंबरपर्यंत पाच पूर्ण झाली की प्रवेश मिळतो. ३० ऑगस्टचा मुलगा थांबला, तर वर्गात सगळ्यांत लहान असायचा तो सगळ्यांत मोठा होतो. याला तिकडे ‘रेडशर्टिंग’ म्हणतात.

शब्द मैदानावरचा आहे. १९३७ साली नेब्रास्का विद्यापीठाचा फुटबॉलपटू वॉरन आल्फसन यानं तो हंगाम सामने न खेळता नुसता सराव करायचं ठरवलं. सरावात तो बिननंबरी लाल शर्ट घाली. पुढच्या वर्षी जास्त दणकट होऊन उतरायचं, हा त्यातला विचार.

किंडरगार्टन मात्र चढाओढीसाठी निघालंच नव्हतं. १८४० मध्ये शिक्षणतज्ज्ञ फ्रोबेलनं जर्मनीत हे नाव दिलं, तेव्हा तिथं गाणी, खेळ आणि लाकडी ठोकळे होते. १८७३ मध्ये शिक्षिका सुझन ब्लो यांनी अमेरिकेतल्या सेंट लुईस शहरात सरकारी शाळेत असा वर्ग सुरू केला. गरिबांची मुलं लवकर शाळा सोडून कामाला लागत, म्हणून त्यांना निदान लवकर आत घ्यावं, असं तिथले शिक्षणप्रमुख विल्यम हॅरिस यांना वाटत होतं. हे दार कोणासाठी उघडलं होतं, ते विसरता कामा नये.

१९६८ मध्ये सहा वर्षांची ९६ टक्के मुलं पहिलीत किंवा त्यापुढे होती. २००५ मध्ये ८४ टक्के. डेमिंग आणि डायनार्स्की या अभ्यासकांच्या हिशोबानं या घटीतला जेमतेम पाव भाग कायद्यातल्या बदलांचा, बाकीचा मुलांना मागं ठेवण्याचा. २००२ च्या ‘नो चाइल्ड लेफ्ट बिहाइंड’ कायद्यानं परीक्षांचा दबाव वाढवला आणि पहिलीतलं वाचन किंडरगार्टनमध्ये उतरलं. पालक घाबरले, हे मला समजतं.

पण थांबायला पैसे लागतात. सरकारी किंडरगार्टन फुकट. पाळणाघराचं किंवा खासगी प्रीस्कूलचं आणखी एक वर्ष म्हणजे हजारो डॉलर. म्हणून थांबवलेल्यांत सुस्थितीतल्या गोऱ्या घरांतले मुलगे जास्त. दोन पाळ्या करणाऱ्या आईचा ऑगस्टमधला मुलगा वेळेवरच जातो. कात्री नुकती हातात धरायला लागलेला हा पोरगा आणि स्वतःचं नाव झरझर लिहिणारा सहा वर्षांचा मुलगा एकाच सतरंजीवर बसतात, आणि बाई दोघांना एकाच मापानं जोखतात. २०१८ मधल्या एका अभ्यासात, १ सप्टेंबरची अट असलेल्या राज्यांत ऑगस्टमध्ये जन्मलेल्या मुलांना सप्टेंबरमधल्यांपेक्षा एडीएचडीचं (लक्ष न टिकण्याच्या, अतिचंचलतेच्या विकाराचं) निदान ३४ टक्के जास्त झालेलं आढळलं.

कॅलिफोर्नियानं २०१० च्या कायद्यानं २ डिसेंबरची अट टप्प्याटप्प्यानं १ सप्टेंबरवर आणली. मधल्या महिन्यांत जन्मलेल्यांना मात्र घरी बसवलं नाही. त्यांच्यासाठी सरकारी शाळांतच फुकट ‘ट्रान्झिशनल किंडरगार्टन’, म्हणजे किंडरगार्टनच्या आधीचा एक वर्षाचा वर्ग, काढलं. २०२५-२६ पासून ते तिथल्या चार वर्षांच्या सगळ्याच मुलांना खुलं आहे.