मेटफॉर्मिनमुळे किडनी जाते का?

नाशिकला गोल्फ क्लब मैदानावर सकाळी फेऱ्या मारताना शुगरचा विषय निघाला की कुणीतरी सांगतंच, "मेटफॉर्मिन सोडा काका, किडनी जाईल." मग सत्तरीतली माणसं परस्पर गोळी बंद करतात. याची मला फार काळजी वाटते, कारण किडनीला खरा धोका असतो तो वर्षानुवर्षं वाढलेल्या साखरेचा आणि बीपीचा.

मेटफॉर्मिन आहे तसंच लघवीवाटे बाहेर पडतं. किडनी मंदावली की ते रक्तात साठतं आणि क्वचित लॅक्टिक आम्ल धोकादायक पातळीला जातं. म्हणून डॉक्टर रिपोर्टमधला ईजीएफआर, म्हणजे किडनी रक्त किती गाळते त्याचा आकडा, बघतात: ४५ च्या खाली डोस सहसा कमी, ३० च्या खाली गोळी बंद. म्हणजे किडनी आधीच थकलेली असते म्हणून गोळी थांबते. लोक नेमकं उलटं समजतात. याच कुळातलं फेनफॉर्मिन लॅक्टिक आम्लामुळेच १९७० च्या दशकात अनेक देशांतून हद्दपार झालं, त्याची भीती मेटफॉर्मिनलाही चिकटली.

जुलाब-उलट्यांनी अंगातलं पाणी कमी झालं तर गोळी थांबवायची का, ते डॉक्टरांना विचारा. मेटफॉर्मिन दीर्घकाळ घेतल्याने बी-१२ जीवनसत्त्व कमी होऊ शकतं, ते तपासावं, विशेषतः तळपायाला मुंग्या येत असतील तर.

किडनी मंदावलेल्या वयस्कांना जास्त सांभाळून राहायचं ते ग्लिमेपिराइड या शुगरच्याच दुसऱ्या औषधापासून. त्याने साखर एकदम उतरते, दरदरून घाम येतो, तोल जाऊन माणूस पडतो. अनेक गोळ्यांत मेटफॉर्मिन आणि ग्लिमेपिराइड ही दोन्ही औषधं एकत्र असतात, तेव्हा पाकिटाच्या मागची बारीक अक्षरं वाचा.