एडिटर सर्व्हर आणि टर्मिनलवरील ई-मेल

टर्मिनलमध्ये, म्हणजे टंकलेल्या आज्ञांवर चालणाऱ्या पडद्यावर, ई-मेल प्रोग्रॅममधून पत्र लिहिताना दर वेळी नवा टेक्स्ट एडिटर सुरू न करता, आधीपासून चालू असलेल्या एडिटरकडे (एडिटर सर्व्हरकडे) मजकूर सोपवण्याची पद्धत. एमएच, एल्म, मट अशा युनिक्स परंपरेतील प्रोग्रॅमांशी ती जोडलेली आहे. पाइनसोबत पिको हा स्वतःचा एडिटर येत असे, त्यामुळे तेथे तिची निकड कमी भासली.

ई-मेल प्रोग्रॅमने पत्रे हाताळावीत आणि मजकूर लिहिण्याचे काम वापरणाऱ्याच्या आवडीच्या एडिटरवर सोडावे, ही विभागणी जुनी आहे. कर्ट शोन्स यांनी १९७८ च्या सुमारास बर्कली येथे लिहिलेल्या ‘मेल’ या प्रोग्रॅमच्या परंपरेत पत्र लिहिता लिहिता ‘~ई’ ही खूण दिली की एक एडिटर उघडतो आणि ‘~व्ही’ दिली की दुसरा. पहिला ‘एडिटर’ या एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलवरून (प्रणालीत ठेवलेल्या, सर्व प्रोग्रॅमांना वाचता येणाऱ्या मूल्यावरून) ठरतो, दुसरा ‘व्हिज्युअल’वरून. एकेक ओळ हाताळणारा एडिटर आणि पूर्ण पडदा वापरणारा एडिटर असा हा भेद. आज तो जवळपास निरर्थक झाला असला, तरी युनिक्ससारख्या प्रणालींसाठीच्या पॉझिक्स मानकातील ‘मेलएक्स’ या मेल प्रोग्रॅममध्ये तो टिकून आहे.

चालू एडिटरला बाहेरून हाक मारण्याची सोय ग्नू ईमॅक्स या एडिटरमध्ये लवकर आली. तिचे लिस्प या प्रोग्रॅमिंग भाषेतील मूळ लेखन एमआयटीच्या अथीना प्रकल्पाचा पत्ता देणाऱ्या विल्यम सॉमरफेल्ड यांच्या नावावर आहे आणि फाइलीवरील प्रताधिकाराची वर्षे १९८६ पासून सुरू होतात. प्रताधिकाराचे वर्ष म्हणजे प्रसिद्धीचे वर्ष नव्हे. म्हणून १९८६-८७ एवढेच म्हणणे सुरक्षित.

ही सोय नेमकी कशासाठी झाली, याची मांडणी दोन प्रकारे करता येते. ‘एडिटर’ व्हेरिएबल वाचणाऱ्या कोणत्याही प्रोग्रॅमसाठी ती होती, ही पहिली. ईमॅक्सची माहितीपुस्तिका आवृत्ती-नियंत्रणाच्या नोंदी आणि युनिक्सचा मेल प्रोग्रॅम अशी दोन्ही उदाहरणे देते, ते या मांडणीला धरून आहे. मुख्य हेतू ई-मेलचाच होता, ही दुसरी. सर्व्हरच्या लिस्प फाइलीत तात्पुरत्या फाइली ओळखण्यासाठी एक नमुना दिलेला आहे. त्याच्या मूळ मूल्यात दोनच गोष्टी बसतात: ‘/टीएमपी/आरई’ने सुरू होणारी नावे आणि ‘/ड्राफ्ट’ने संपणारी. पहिली बर्कली मेलच्या तात्पुरत्या फाइलींची धाटणी, तर दुसरे एमएचच्या मसुद्याचे नाव. पुस्तिकेतील सर्वसाधारण विधानापेक्षा हा पुरावा अधिक बोलका वाटतो. निर्णायक मात्र तोही नाही, कारण असा नमुना नंतरही भरता येतो.

आरंभीच्या रचनेत ईमॅक्सला स्वतः सॉकेटवर (प्रोग्रॅमांमधील निरोपांच्या मार्गावर) कान ठेवता येत नसे. सी भाषेतील ‘ईमॅक्ससर्व्हर’ हा छोटा प्रोग्रॅम ईमॅक्सच्या पोटात चालत असे आणि बाहेरून हाक मारणाऱ्या ‘ईमॅक्सक्लायंट’ या प्रोग्रॅमकडून आलेली फाइलींची नावे पुढे पोहोचवत असे. हा निरोप बर्कली सॉकेट किंवा सिस्टिम व्ही संदेश-रांग यांपैकी यंत्रावर जे असेल त्यावरून जाई. ह्यूलेट-पॅकार्डच्या ब्रिस्टल प्रयोगशाळेतील अँडी नॉर्मन यांचा ‘ग्नूसर्व्ह’ याच आराखड्यावर बेतलेला होता. ईमॅक्सची शाखा असलेल्या एक्सईमॅक्सने ग्नूसर्व्हच स्वीकारला. ईमॅक्सच्या २२ व्या आवृत्तीत (२००७) मधला सी प्रोग्रॅम जाऊन सगळे काम लिस्पमध्ये आले. २३ व्या आवृत्तीत (२००९) खिडकीविना पार्श्वभूमीत चालणारा डीमन आणि एकाच ईमॅक्सला अनेक टर्मिनलांवर उघडण्याची सोय मिळाली. तेव्हापासून ईमॅक्सक्लायंटला ‘-टी’ हा पर्याय दिला, की पत्राचा मजकूर मट चालू असलेल्या टर्मिनलवरच उघडतो.

फाइल उघडण्याइतकेच क्लायंटचे खोळंबून राहणेही महत्त्वाचे असते. ई-मेल प्रोग्रॅम एडिटरला उपप्रक्रिया म्हणून सुरू करतो आणि ती संपली की लेखन संपले असे धरतो. म्हणून वापरणारा कंट्रोल-एक्स आणि # दाबून काम पुरे झाल्याचे सांगेपर्यंत ईमॅक्सक्लायंट अडून राहतो. त्याला न थांबण्याचा ‘-एन’ पर्याय दिला, तर तो लगेच परततो आणि कोरी करकरीत फाइल मटच्या हाती पडते. ‘ॲबॉर्ट_अनमॉडिफाइड’ हे सेटिंग मुळात चालूच असते. फाइलीत बदल नाही असे पाहून मट पत्र रद्द करतो, आणि तिकडे ईमॅक्समध्ये वापरणारा लिहीतच बसलेला असतो. बदल झाला की नाही, हे मट फाइलीच्या शेवटच्या बदलाच्या वेळेवरून ठरवतो. ही वेळ सेकंदांत मोजली, तर त्याच सेकंदात केलेला बदल निसटू शकतो. म्हणून लागेल तेव्हा मट ती वेळ आधीच एक सेकंद मागे सारून ठेवतो.

व्हिम या दुसऱ्या एडिटरच्या ६.० आवृत्तीत (२००१) ‘--रिमोट-वेट’ हा समकक्ष पर्याय आहे. युनिक्सवर तो एक्स विंडो या खिडक्यांच्या प्रणालीच्या आधाराने चालत आला. व्हिमवरून निघालेल्या निओव्हिममध्ये ‘--रिमोट’ ०.७ आवृत्तीत (२०२२) आले, पण थांबणारा प्रकार त्यासोबत आला नाही, आणि ई-मेलसाठी तर तोच हवा. प्लॅन ९ या कार्यप्रणालीच्या परंपरेतही ‘बी’ आणि ‘ई’ अशा दोन आज्ञा आढळतात, पैकी दुसरी थांबणारी.

ई-मेल प्रोग्रॅम दूरच्या यंत्रावर आणि एडिटर जवळच्या यंत्रावर असेल, तर फाइलीचा मार्ग दोन्हीकडे सारखा राहत नाही. अशा वेळी एडिटरही दूरच्या यंत्रावर चालवणे सोपे पडते.

देवनागरीत पत्रे लिहिणाऱ्यांना या पद्धतीचा वेगळा उपयोग होतो. अनेक टर्मिनलांत जोडाक्षरे आणि वेलांट्या नीट बसत नाहीत, कर्सर भलतीकडेच दिसतो. ‘-सी’ पर्यायाने चालू ईमॅक्सची वेगळी खिडकी उघडली, तर पत्रव्यवहार टर्मिनलमध्ये राहून लेखन मात्र नीट दिसणाऱ्या अक्षरांत होते. २७ व्या आवृत्तीपासून (२०२०) ईमॅक्स त्यासाठी हार्फबझ ही अक्षरे जुळवणारी लायब्ररी वापरू शकतो. इनस्क्रिप्ट आणि आयट्रान्स या देवनागरी टंकण्याच्या दोन्ही पद्धती ईमॅक्समध्ये आहेतच.

लेखन चालू असताना मटचा पडदा अडकून पडतो, ही जुनी तक्रार. मजकुरात संदर्भ द्यायला दुसरे पत्र पाहायचे, तर मट पुन्हा वेगळा उघडावा लागे. २.१ आवृत्तीत (२०२१) ‘बॅकग्राउंड_एडिट’ हे सेटिंग आले. ते चालू केल्यास एडिटर बाजूला चालत राहतो आणि मटमध्ये इतर पत्रे वाचता येतात. एडिटर टर्मिनलच न अडवता स्वतःच्या खिडकीत उघडणारा असावा, ही अट मात्र त्याला आहे.